शहर आणि निसर्ग यांच्या सांध्यावर

निसर्गचित्र म्हटले की डोंगर, नदी आणि मोकळे आकाश डोळ्यांसमोर येते. शहराचे चित्र म्हटले की इमारती, तारा आणि गर्दी. चित्रकार म्हणून माझे मन मात्र या दोहोंच्या सांध्यावर अधिक रमते. उंच इमारतीच्या पायथ्याशी एकटे फूल दाखवून विरोध उभा करणे सोपे असते, आणि तसली चित्रे मला फारशी भावत नाहीत. शहराने निसर्गाला आणि निसर्गाने शहराला कसा आकार दिला आहे, हे शोधण्यात माझा खरा जीव आहे.

जुन्या भिंतीतून उगवलेला पिंपळ हे माझे सर्वांत आवडते उदाहरण. पक्ष्यांनी खाल्लेल्या फळांतले बी त्यांच्या विष्ठेतून भेगेत पडते आणि थोड्याशा ओलाव्यावर रुजते. मातीत मुळे चहूकडे पसरतात. येथे मात्र दगडांमधल्या चुन्याच्या रेघेखेरीज त्यांना वाट नसते. त्यामुळे मूळ आडवे सरकते, दगड संपला की खाली वळते आणि पुन्हा आडवे होते. असे मूळ रेखाटताना गवंड्याने रचलेला प्रत्येक थर हाताला कळत जातो, म्हणजे मी झाड काढत असतो आणि कागदावर भिंतीचे बांधकामही उतरत असते. पुढे मूळ जाड होते, दगड सरकवते आणि भिंतीलाच फुगवटा आणते. कोवळी तांबूस पाने या साऱ्याच्या वर हलत असतात, पण माझी नजर बराच वेळ खालच्या सांध्यांतच अडकलेली असते.

रंगांच्या बाबतीतही शहर वाटते तितके करडे नाही. ओल झिरपणाऱ्या सिमेंटवर शेवाळाचा हिरवा-काळा ओघळ उतरतो, त्याच्या कडेला गंजाची तांबूस रेघ असते आणि उन्हात कोरडा राहिलेला भाग जवळजवळ पिवळसर दिसतो. म्हणून तयार करडा रंग मी वापरत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना एकत्र केले की कधी थंड, कधी उबदार असा करडा मिळतो आणि त्यात भिंतीचा ओलावा टिकून राहतो.

या वाटेवर माझ्याआधी मोठी माणसे चालून गेली आहेत. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सुरा यांनी 1884 मध्ये पूर्ण केलेल्या, पॅरिसजवळच्या आन्येर येथील स्नानाच्या भव्य चित्रात नदीकाठी विसावलेले कामगार आहेत, तर मागे पूल आणि कारखान्यांची धुरांडी आहेत. धुरांडी दूर असूनही तीच या माणसांच्या विश्रांतीला अर्थ देतात, असे मला वाटते. जर्मन कलाकार योझेफ बॉइस यांनी तर शहरालाच कॅनव्हास केले. 1982 मध्ये जर्मनीतील कासेल येथे त्यांनी 7000 ओक वृक्षांचा उपक्रम सुरू केला आणि प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक स्तंभ उभारला. 1986 मध्ये त्यांचे निधन झाले. शेवटचे झाड 1987 मध्ये लागले. लावताना रोप लहान आणि दगड भारदस्त, पण दगड तेवढाच राहतो आणि झाड वाढत जाते, त्यामुळे दोहोंचे प्रमाण दरवर्षी बदलते. काळालाच साधन म्हणून वापरणारी ही कल्पना मला अतिशय मोलाची वाटते.

सध्या मी रस्त्यावरच्या दिव्यांजवळच्या झाडांचा अभ्यास करत आहे. थंड प्रदेशांत दिव्यालगतच्या फांद्यांवरची पाने इतरांपेक्षा उशिरा गळताना आढळतात, म्हणजे विजेच्या उजेडाचा परिणाम झाडाच्या ऋतुचक्रावरही होतो. चित्रात हे आणणे कठीण आहे. दिव्यासमोरच्या पानांतून उजेड आरपार येत असल्याने ती पिवळट आणि पातळ दिसतात, तर जरा बाजूची पाने एकदम काळी पडतात. मधल्या छटा जवळजवळ नसतातच. शिवाय पारदर्शक जलरंगात सर्वांत तेजस्वी पांढरा म्हणजे कोरा कागदच, त्यामुळे पहिली ओली छटा देण्यापूर्वीच दिवा नेमका कोठे असेल आणि त्याभोवती किती कागद मोकळा ठेवायचा, हे ठरवून घ्यावे लागते.