खून बघायला आलेली गँग आणि शिंप्यांचा क्लब

मी लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागात वॉकिंग टूर घेते. लोकांना हवा असतो तो जॅक द रिपर, म्हणजे १८८८ मध्ये इथे बायकांचे खून करून कधीच न सापडलेला खुनी, बाकी काही नको. त्यात ऑफिसची टीम आउटिंगवाली गँग असली तर विचारूच नका, निम्मे जण पबमधून थेट येतात आणि पहिलाच प्रश्न, बॉडी कुठे पडली होती?

त्या शनिवारी संध्याकाळी असाच ग्रुप होता. कमर्शियल रोडवरून आत हेन्रिक्स स्ट्रीटला वळलो. ही जुनी बर्नर स्ट्रीट. आता तिथे प्रायमरी शाळा आहे. १८८८ मध्ये तिथे डटफिल्ड्स यार्ड नावाचं अंगण होतं आणि त्याला लागून ४० नंबरच्या घरात इंटरनॅशनल वर्किंग मेन्स एज्युकेशनल क्लब. नाव भारदस्त पण मेंबर बहुतेक ज्यू शिंपी, रशिया-पोलंडकडून आलेले. १८८१ ला झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला, खापर ज्यूंवर फुटलं, दंगली झाल्या, पुढच्या वर्षी त्यांच्यावर जाचक कायदे आले आणि माणसं बोटीत बसून जी निघाली त्यातली पुष्कळशी लंडनच्या गोदीजवळच्या या गल्ल्यांतच राहिली. काम मिळायचं ते शिलाईचं. राहत्या घरातच वर्कशॉप, त्यात मशीनवाला, इस्त्रीवाला, काजबटणं करणाऱ्या बायका, सीझनला चौदा-चौदा तास आणि सीझन संपला की बसा घरी उपाशी.

मला स्वतःला खुनापेक्षा हा क्लबच आवडतो. भाषणं, नाटकं, गाणी, विल्यम मॉरिससारखा नावाजलेला इंग्रज कवी आणि समाजवादी तिथे येऊन बोलायचा. अंगणात 'आर्बेटर फ्रायंट' (कामगारांचा मित्र) या समाजवादी पेपरचं ऑफिस, पेपर यिडिशमध्ये, म्हणजे या ज्यूंच्या बोलीत. हा पेपर मालकांना जितका खुपायचा तितकाच श्रीमंत, जुन्या ज्यू मंडळींनाही, कारण यांच्यामुळे आपलं नाव खराब होतं म्हणे! क्लबचा स्वतःचा छापखाना नव्हता तेव्हा १८८७ मध्ये विरोधकांनी पैसे चारून छापखान्यातल्या एका खिळे जुळवणाऱ्याला फोडलं आणि "हा पेपर पसरवा" या आवाहनाच्या जागी "हा पेपर नष्ट करा" असं छापून आलं. हे सांगितल्यावर ग्रुपमधे दोघं हसले, बाकीचे फोनमध्ये.

मग ती रात्र. ३० सप्टेंबर, पहाटेचा एक वाजलेला. ज्यूंनी समाजवादी का व्हावं यावर वरच्या हॉलमध्ये चर्चा होऊन गेलेली, थोडे लोक मागे राहून गाणी म्हणतायत. क्लबची व्यवस्था बघणारा लुई डीमशुट्झ खोटे दागिने विकून घोडागाडी घेऊन परत आला, घोडं बिचकलं, त्याने चाबकाने चाचपलं, काडी पेटवली तर एका बाईचं प्रेत, एलिझाबेथ स्ट्राइड. पोलिस आले आणि त्यांनी काय केलं तर गेट लावून क्लबमधल्या प्रत्येकाचे हात आणि कपडे तपासले, रक्त आहे का.

इथे ग्रुपमधला एक उंच माणूस मोठ्याने म्हणाला, मग त्यांच्यातलाच कोणीतरी असणार, सरळ आहे, परदेशी लोकांचा अड्डा. मी म्हटलं अहो १८८८ ला पण अगदी हेच म्हणत होते, त्याच महिन्यात पायझर नावाच्या ज्यू चांभाराला पकडून सोडून द्यावं लागलं होतं. तो ऐकेना.

तेवढ्यात पलीकडून चाकाची पिशवी ओढत चाललेले एक आजोबा थांबले, ऐंशीच्या पुढचे असतील. "माझे आजोबा या क्लबात यायचे," एवढंच बोलून त्यांनी पिशवी भिंतीला टेकवली, म्हणजे आता हे हलत नाहीत हे मला कळलं.

त्यांचे आजोबा इस्त्रीवाले. आजोबा नास्तिक, आजी सोवळ्यातली, त्यामुळे योम किप्पुरला, म्हणजे ज्यूंच्या सगळ्यात मोठ्या उपासाच्या दिवशी, आजी कडक उपास करायची आणि आजोबा मुद्दाम कॉम्रेड लोकांबरोबर जेवायला जायचे, रात्री घरात महाभारत. डीमशुट्झला पुढच्या वर्षी तुरुंग झाला हे त्यांनीच ग्रुपला सांगितलं, मी तोंडच उघडलं नाही. मार्च १८८९ मध्ये बेकारांनी सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, मोर्चा काढला, नंतर क्लबपाशी पोलिसांशी मारामारी झाली आणि त्याला तीन महिने सक्तमजुरी. त्याच वर्षी शिंप्यांचा मोठा संप, मागणी काय तर बारा तासांचा दिवस आणि जेवणाची सुट्टी त्यातच धरा. बारा! ऑफिसवाल्या पोरांनी इथे पहिल्यांदा फोन खाली केले.

"आणि १९१२ ला गोदी कामगार संपावर गेले तेव्हा त्यांची पोरं आमच्यासारख्यांच्या घरी ठेवली होती," आजोबा त्या उंच माणसाकडे बघत म्हणाले. "आमच्याकडचं पोर जाताना नवे बूट घालून गेलं, आजी शेवटपर्यंत त्या बुटांची किंमत सांगायची."

उंच माणूस गप्प. मग एका मुलीने विचारलं, पण खून कोणी केला? आजोबा म्हणाले, ते हिला विचारा, पैसे ती घेते.

मी नवव्या मिनिटाला निघायचं असतं त्या स्टॉपवर अर्ध्या तासावर थांबले होते, पुढचा स्टॉप उरकताना अंधार पडला. सोमवारी त्यांच्या मॅनेजरचा रिव्ह्यू आला. तीन स्टार, गाईड चांगली, पण शिंप्यांबद्दल जरा जास्त होतं. खाली त्याच ग्रुपमधल्या कोणीतरी विचारलं होतं की तो म्हातारा रोज असतो का, की एक्स्ट्रा पैसे पडतात?