थॉमसन सीडलेसचं एक अक्षर आणि जीनोम ब्राउझरची सुरुवात

जीनोम ब्राउझर, म्हणजे एखाद्या जिवाचा सगळा डीएनए (जीनोम) स्क्रीनवर नकाशासारखा बघायचं सॉफ्टवेअर, शिकवायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी माणसाचा जीनोम उघडून देतात आणि कुठलातरी कॅन्सरचा जीन दाखवतात. ठीक आहे, पण आमच्या नाशिकच्या पोरापोरींना, ज्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी निफाडला नाहीतर दिंडोरीला बाग आहे, त्यांना मी द्राक्षच उघडायला सांगते. एक तर विषय घरचा, आणि जीनोम पण आटोपशीर, माणसाचा ३०० कोटी डीएनए-अक्षरांचा (ए, टी, जी, सी) तर द्राक्षाचा ५० कोटींच्या आसपास, १९ क्रोमोसोम, साध्या लॅपटॉपवर निवांत चालतं. २००७ मध्ये फ्रान्स आणि इटलीच्या शास्त्रज्ञांनी पिनो न्वार या द्राक्षाच्या वंशातल्या एका लाइनचा जीनोम प्रसिद्ध केला, तोच सुधारत सुधारत आजही रेफरन्स, म्हणजे तुलनेचा प्रमाण जीनोम, म्हणून वापरात आहे.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ हा प्रश्न येतोच. आधीच मांडून ठेवलेली माहिती बघायचीये तर वेबसाइटवरचं बघा, माणूस-प्राण्यांसाठी यूसीएससी, पिकांसाठी एन्सेम्बल प्लांट्स. पण स्वतःची सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून मिळालेली, फाइल उघडायचीये तर आयजीव्ही हा ब्राउझर. ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालेलं, फुकट आहे, आणि डेटा तुमच्याच मशीनवर राहतो.

आता खरी गोम. रेफरन्सची अक्षरं असलेली फास्टा फाइल आणि जीन कुठेकुठे आहेत ते सांगणारी जीएफएफ फाइल, दोन्ही एकाच ठिकाणहून, एकाच व्हर्जनच्या घ्या. बॅम फाइल, म्हणजे सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे (रीड) जीनोमवर कुठे बसतात ते सांगणारी फाइल, तीपण त्याच रेफरन्सवर अलाइन केलेली, म्हणजे जुळवलेली, हवी, सॅमटूल्स या प्रोग्रॅमने सॉर्ट आणि इंडेक्स केलेली, आणि इंडेक्सची छोटी फाइल तिच्या शेजारीच ठेवायची. एवढं करूनही स्क्रीन कोरी दिसते आणि पोरं म्हणतात मॅडम सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, एका फाइलमध्ये क्रोमोसोमचं नाव नुसतं १८ असतं आणि दुसरीत सीएचआर १८, आणि ब्राउझरला ते दोन वेगळे क्रोमोसोम वाटू शकतात. किंवा मग झूमच केलेलं नसतं, कारण ठरलेल्या सेटिंगला साधारण ३० हजार अक्षरांच्या आत आल्याशिवाय आयजीव्ही रीड दाखवतच नाही.

जमलं की १८व्या क्रोमोसोमवरच्या एजीएल११ या जीनवर जा. थॉमसनमध्ये बी धरतं पण पुढे वाढत नाही, त्याचं मूळ इथल्या एका अक्षराच्या बदलात सापडलंय, प्रोटीनमध्ये १९७व्या जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन येतं. थॉमसनचा उघड्यावर मिळणारा डेटा लोड केला असेल तर त्या जागी साधारण निम्म्या रीडमध्ये रेफरन्सचं अक्षर आणि निम्म्यात रंगीत वेगळं अक्षर दिसतं, वरचा कव्हरेजचा, म्हणजे त्या जागी किती रीड आहेत ते दाखवणारा, करडा खांब तेवढ्याच ठिकाणी दोन रंगांत फुटलेला. म्हणजे एक प्रत बदललेली, एक जुनी, आणि बी थांबायला एकच पुरते. ज्या मुलाने लहानपणापासून थॉमसनचे घड तोडलेत त्याला हे बघून जे वाटतं ते व्हीसीएफच्या, म्हणजे सापडलेल्या बदलांची यादी असलेल्या फाइलच्या, एका ओळीतून वाटणार नाही.

आणि नुसत्या वाटण्याचा प्रश्न नाहीये. व्हीसीएफ म्हणतं इथे बदल आहे, पण तो बदल फक्त एकाच दिशेच्या रीडमध्ये आहे का, रीडच्या अगदी टोकालाच आहे का, हे डोळ्यांनी बघितल्यावर दोन सेकंदांत कळतं. रीड पांढरे पोकळ दिसले तर त्यांची मॅपिंग क्वालिटी शून्य, म्हणजे ते जीनोममध्ये दुसरीकडेही तितकेच चपखल बसतात, अशा ठिकाणच्या बदलावर मी तरी प्रायमर (तो बदल तपासायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवणार नाही. प्रोजेक्टवाल्या पोरांना माझा नियमच आहे, रिपोर्टमध्ये जाणारा प्रत्येक महत्त्वाचा व्हेरिएंट (म्हणजे असा बदल) आधी आयजीव्हीमध्ये बघायचा, स्क्रीनशॉट काढायचा, मग बोलायचं.

जागांचे आकडे जुळवताना एक लक्षात असू द्या, बेड फाइल (जीनोममधल्या जागांची यादी) शून्यापासून मोजते आणि व्हीसीएफ-जीएफएफ एकपासून, त्यामुळे एकाचा फरक दिसला तर घाबरू नका. आणि आयजीव्हीमध्ये उघडलेलं सगळं सेशन म्हणून सेव्ह केलं तरी त्यात फक्त फाइलींचा पत्ता जातो, फाइली जात नाहीत, तेव्हा पेनड्राइव्हवरून उघडलं असेल तर आधी सगळं लॅपटॉपवर कॉपी करा आणि मगच सेव्ह करा.