लाल दिवा लागला, आता किती वेळ आहे?

गाडीच्या डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पाठ करायची गरज नाही. रंग ओळखला तरी अर्धं काम होतं. लाल दिसला की सुरक्षित जागा बघून लगेच थांबायचं. पिवळ्यावर गाडी बहुतेक वेळा चालते, पण तपासणी लांबवायची नाही. हिरवा आणि निळा फक्त माहिती देतात.

लाल दिव्यांत सगळ्यात घाईचा असतो तेलाच्या किटलीचा. तो मुख्यतः ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो, पातळीबद्दल नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरणारा दांडा, बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. दाब गेला की तो थर जातो, धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन कायमचं खराब होऊ शकतं. म्हणून ‘पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ’ असं अजिबात करू नका. सपाट जागी इंजिन बंद करा, 10 मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून बघा. ऑइल खालच्या खुणेखाली असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल भरा आणि इंजिन चालू करा. काही सेकंदांत दिवा विझला नाही, किंवा पातळी मुळात बरोबरच होती, तर दोष पंपाचा की नुसत्या सेन्सरचा हे रस्त्यावर कळत नाही. गाडी टो करून न्या. हाच दिवा वळणावर क्षणभर लुकलुकला, तर ऑइल बहुधा फार कमी झालंय.

थर्मामीटरचा लाल दिवा म्हणजे इंजिन तापलंय. एसी बंद करा. लगेच थांबता येत नसेल तर तेवढ्यापुरता हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवा, त्याने इंजिनातली थोडी उष्णता बाहेर पडते. थांबल्यावर निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतला कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) दाबाखाली 100 अंशांच्या वर असला तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि तो त्याच क्षणी उकळून अंगावर येतो.

बॅटरीच्या चिन्हाचा दिवा दिसला की लोक बॅटरी बदलतात, पण गाडी चालू असताना तो लागला तर दोष बहुतेकदा चार्जिंगचा असतो: अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग), त्याची वायर किंवा बेल्ट. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, त्यामुळे बॅटरीच्या दिव्यासोबत इंजिनाचं तापमान चढलं तर थांबाच.

पिवळा चेक इंजिनचा (इंजिनाच्या चित्राचा) दिवा न लुकलुकता लागलेला असेल तर आधी इंधनाच्या टाकीचं झाकण घट्ट आहे का बघा, मग गॅरेजच्या स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचून घ्या. कोडवरून बिघाड कुठे शोधायचा ते कळतं, कुठला पार्ट बदलायचा ते नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड गळक्या एक्झॉस्टमुळेही येतो, म्हणून कोड बघून लगेच सेन्सर बदलायला होकार देऊ नका. दिवा लुकलुकत असेल तर मात्र मिसफायर होतोय, म्हणजे इंजिनात इंधन नीट जळत नाहीये. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो वितळू शकतो. ॲक्सिलरेटर सोडा, हळू बाजूला घ्या.

लाल ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडूनही राहिला तर ब्रेक ऑइल बघा. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, आणि नुसतं ऑइल भरलं की पॅड झिजल्याचं लक्षण झाकलं जातं. पेडल मऊ लागत असेल तर गाडी हलवू नका. एकटा पिवळा एबीएसचा (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. लाल ब्रेकचा आणि एबीएसचा असे दोन्ही दिवे एकदम लागले तर गाडी पुढे नेऊ नका.

आणि रोज चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, हे दिवे काही क्षण लागतात का याकडे लक्ष द्या. ऑइलचा दिवा तेव्हा लागलाच नाही, तर बहुधा तो दिवा किंवा त्याची वायर गेली आहे, आणि दाब पडला तरी तो लागणार नाही.