तिकिटावरची चार अक्षरे : तंजावरच्या भेटीचा माझा अनुभव

मे २०२५ मध्ये आम्ही चौघी मैत्रिणी तंजावरला पहिल्यांदा समोरासमोर भेटलो. त्या भेटीबद्दल लिही, असे बाकीच्या तिघी कधीच्या सांगत आहेत. परंतु लिहायला बसले की मला सर्वांत आधी आठवतो तो कुर्डुवाडी ते चेन्नई या एका तिकिटापायी गेलेला महिना. तो मनस्ताप अजून पुरता गेलेला नाही, आणि उन्हाळ्यात गाडीच्या मधल्या स्थानकावरून दूरचा प्रवास करणाऱ्या कोणालाही तो टाळता येण्यासारखा आहे, म्हणून आधी तेच सविस्तर लिहिते.

आमची ओळख मोडी लिपीच्या ऑनलाइन वर्गात झाली. वर्ग संपला तरी गट मोडला नाही. रोज सकाळी एकीने जुन्या कागदातील चार ओळी टाकायच्या आणि बाकीच्यांनी दिवसभरात त्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायच्या, हा क्रम चार वर्षे चालू आहे. नागपूरच्या ताई बँकेतून निवृत्त झाल्या आहेत, पुण्याची मैत्रीण आमच्यात सर्वांत लहान आहे, आणि चौथ्या तंजावरच्या अक्का. अक्कांचे घराणे अनेक पिढ्या तिकडेच आहे. घरात मराठी बोलतात, पण शाळा तमिळमध्ये झाली, त्यामुळे आपल्या आजोबांच्या पेटीतील मोडी कागद आपल्याला वाचता यावेत या एका इच्छेने त्या वर्गाला आल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही सगळ्या इकडे या, मी तुम्हाला आमचे गाव दाखवते, असे त्या दर वर्षी म्हणत. जानेवारीत आम्ही ते मनावर घेतले आणि मेचा दुसरा आठवडा ठरवला.

मी बार्शीची. मला कुर्डुवाडीहून मुंबई-चेन्नई मार्गावरची गाडी धरायची होती, पुण्याची मैत्रीण त्याच गाडीला पुण्याहून बसणार होती आणि नागपूरच्या ताई त्यांच्या मार्गाने चेन्नईला येणार होत्या. तिथून रात्रीच्या उझवन एक्स्प्रेसने तिघींनी एकत्र तंजावरला जायचे, असे ठरले. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडते आणि सकाळी आठला सुरू होते, हे ताईंनी गटावर आधीच लिहिले होते. आमचे आरक्षण उघडले त्याच दिवशी पुण्याच्या मैत्रिणीने आठच्या ठोक्याला आपले तिकीट काढले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी उझवनची आम्हा तिघींची तिकिटे एकत्र काढून टाकली.

माझे तिकीट मात्र मी आमच्या गावातील एका एजंटाकडे सोपवले. पैसे, आधारकार्डाची प्रत आणि तारीख आदल्या दिवशी संध्याकाळीच दिली होती. त्याने तिकीट काढले ते पाचव्या दिवशी. छापील कागद हातात देताना तो म्हणाला, "बाई, वेटिंग अकरा आहे फक्त. मे महिन्यापर्यंत आरामात होऊन जाईल." अकरा हा आकडा मलाही लहान वाटला. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि अक्कांना कळवले की माझेही झाल्यासारखेच आहे.

पुढचे सव्वीस दिवस मी रोज दोनदा तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर क्रमांक टाकून पाहत होते. अकराचे दहा झाले ते आठव्या दिवशी, आणि नऊ झाले ते विसाव्या दिवशी. त्यानंतर काहीच हलले नाही. एजंटाला तीनदा जाऊन भेटले. पहिल्यांदा तो म्हणाला की सुट्यांमुळे असे होते. दुसऱ्यांदा म्हणाला की शेवटच्या चार दिवसांत भराभर उतरते. तिसऱ्यांदा त्याने फोनवरून नजरही न काढता "सांगितलं ना तुम्हाला" एवढेच म्हटले. मी एकोणसाठ वर्षांची आहे, तीस वर्षे शाळेत शिकवले आहे, आणि मला दुकानाच्या पायरीवर ताटकळत उभे करून असे बोलले जावे, याचे मला फार वाईट वाटले. इकडे गटावर तिघी मंदिराच्या वेळा आणि जेवणाचे बेत लिहीत होत्या, अक्कांनी आमच्यासाठी उडदाचे डांगर दळून ठेवल्याचे कळवले होते, आणि मी प्रत्येक बेताला होकार देत असताना मनातून पोचेन की नाही या चिंतेत होते.

शेवटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी तो कागद घेऊन थेट स्थानकावरच्या आरक्षण खिडकीवर गेले. खिडकीमागच्या भगिनींनी कागद एकदाच पाहिला, पेनाने आकड्याच्या आधीच्या चार इंग्रजी अक्षरांभोवती गोल काढला आणि कागद माझ्याकडे फिरवला. पी-क्यू-डब्ल्यू-एल. त्या म्हणाल्या, "आकडा नका बघू मॅडम, ही अक्षरं बघा." मी चार वर्षे अक्षरे लावण्यात घालवलेली बाई, आणि रोज दोनदा तोच कागद पाहूनही ही चार अक्षरे वाचली नव्हती.

त्यांनी दोन मिनिटांत जे समजावले ते असे. गाडीतील सगळ्या जागा एका ढिगातून वाटल्या जात नाहीत. गाडी जिथून सुटते तिथपासूनचा सर्वसाधारण कोटा मोठा असतो. त्याची प्रतीक्षा यादी म्हणजे जी-एन-डब्ल्यू-एल. मधल्या अनेक लहान स्थानकांसाठी मिळून एक छोटा सामाईक कोटा असतो. त्याची यादी म्हणजे पी-क्यू-डब्ल्यू-एल. माझा क्रमांक त्या छोट्या कोट्यातील कोणी तिकीट रद्द केले तरच पुढे सरकणार होता. सर्वसाधारण कोट्यातले पन्नास लोक घरी राहिले असते तरी माझे नऊचे आठ होण्याची खात्री नव्हती. म्हणून सर्वसाधारण यादीतील चाळीस हा आकडा सामाईक यादीतील नऊपेक्षा पुष्कळदा अधिक भरवशाचा असतो.

उपायही त्यांनीच सांगितला. तिकीट मुंबईपासून काढायचे आणि फॉर्मवर गाडीत चढण्याचे स्थानक कुर्डुवाडी लिहायचे. भाडे मुंबईपासूनचे पडते, म्हणजे थोडे जास्त द्यावे लागते, परंतु आपले नाव मोठ्या यादीत जाते. एकदा चढण्याचे स्थानक पुढचे लिहिले की आधीच्या स्थानकावर त्या जागेवर आपला हक्क राहत नाही, हे लक्षात ठेवावे. मी तिथेच फॉर्म भरला आणि जी-एन-डब्ल्यू-एल अडतीस हा क्रमांक घेऊन बाहेर पडले. महिनाभरात पहिल्यांदा त्या रात्री मला शांत झोप लागली.

त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, जी एजंटाने विचारायला हवी होती. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया आणि ज्येष्ठ नागरिक एकटे किंवा दोघे प्रवास करत असतील, तर त्यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. फॉर्म भरताना तो मागावा लागतो. मी गेले तेव्हा तो भरून गेला होता. पहिल्याच दिवशी मागितला असता तर जागा मिळण्याची चांगली शक्यता होती, आणि हे मला अजून सलते.

जुने तिकीट रद्द करणे हा आणखी एक व्याप झाला. एजंटाने काढलेले ई-तिकीट त्याच्याच खात्यातून रद्द करावे लागते. रद्द केल्यावर परताव्याची रक्कम आणि ओटीपी प्रवाशाच्या मोबाइलवर येतो, आणि तो आपण एजंटाला सांगायचा असतो. माझ्याकडे ओटीपी आलाच नाही, कारण त्याने तिकीट काढताना माझ्याऐवजी स्वतःचा नंबर टाकला होता. प्रतीक्षा यादीतल्या तिकिटावर प्रवाशामागे साठ रुपये आणि वातानुकूलित वर्गाला त्यावरचा कर एवढेच कापले जाते, हे मी खिडकीवर विचारून गेले होते, म्हणून ठाम उभी राहून बाकी पैसे मोजून घेतले. एजंटाकडून तिकीट काढणार असाल तर कागद हातात पडताच त्यावरचा मोबाइल नंबर आपला आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे.

नव्या तिकिटाचा अडतीस मेच्या पहिल्या तारखेला सतरा झाला, चार दिवसांनी आरएसी झाला, म्हणजे बसून तरी जाता येणार हे नक्की झाले, आणि तक्ता लागला तेव्हा मला पूर्ण बर्थ मिळाला. तो पडद्यावर दिसला त्या क्षणी मी अक्कांना फोन केला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसत राहिल्या.

जोडगाड्यांबद्दल इथेच सांगते. पहिली गाडी उशिरा पोचल्याने दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कपात न होता परत मिळण्याची सोय २०१९ पासून आहे, पण त्यासाठी दोन्ही पीएनआर आधी एकमेकांना जोडलेले असावे लागतात आणि दोन्हीकडे प्रवाशाचा तपशील सारखा असावा लागतो. शिवाय चेन्नई सेंट्रल आणि एग्मोर ही वेगळी स्थानके आहेत. आमची उझवन एग्मोरहून सुटणार होती. ताई सेंट्रलला उतरून मेट्रोने तिकडे आल्या.

पहाटे तंजावरला उतरलो तेव्हा अक्का फलाटावर मोगऱ्याचे तीन गजरे घेऊन उभ्या होत्या. पडद्यावर चार वर्षे पाहिलेल्या अक्का प्रत्यक्षात इतक्या ठेंगण्या असतील असे वाटले नव्हते. मेमध्ये तिकडे अग्निनक्षत्राचे, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे, दिवस असतात, म्हणून त्यांनी बेत काटेकोर आखला होता : सकाळी सहाला बृहदीश्वर, दुपारी राजवाड्याच्या आवारातील दालने आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचे प्रदर्शन, संध्याकाळी पुन्हा मंदिर. मधल्या वेळात त्यांच्या घरी डांगर पचडी आणि भात. डांगर आमच्या बार्शीच्या घरचेच, फक्त फोडणीत कढीपत्ता सढळ होता.

राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले ते मंदिर पाहायला जग येते, आणि त्याचे ते सुमारे दोनशे फूट उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, पाहून आम्हीही थबकलो. पण आम्हाला पोचायचे होते ते आवाराच्या नैऋत्य भागातील भिंतीपाशी, जिथे तंजावरचे मराठा राजे सरफोजी (दुसरे) यांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. लेख देवनागरीत आहे. तमिळ शिलालेखांनी भरलेल्या त्या आवारात ओळखीची अक्षरे एकदम डोळ्यांसमोर आली तेव्हा पुण्याची मैत्रीण मोठ्याने "अगं, आपलं!" असे म्हणाली. अक्का भिंतीला हात न लावता, बोट हवेत फिरवत, एकेक शब्द त्यांच्या हेल काढणाऱ्या मराठीत वाचत गेल्या, आणि आम्ही तिघी त्यांच्या मागून. एका ओळीवर ताई आणि अक्का यांचे एकमत होईना. त्यांनी दोघींनी तो शब्द वहीत उतरवून घेतला, आणि तो वाद गटावर अजून चालू आहे.

एक सांगायचे राहिले. त्या आवारात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि नऊनंतर दगड पाय ठेववत नाही इतका तापतो. सोबत जाड सुती मोजे न्यावेत. अक्कांनी आम्हा तिघींसाठी ते आधीच आणून ठेवले होते.