एकच की डिक्शनरीत दोनदा?

बेळगावात टिळकवाडीत मी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. खानापूरहून बसनं येणारी एक पोरगी आहे, तिच्या आईची खाणावळ. व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरी आईच्या आणि भावाच्या फोनवरनं एका टेक्स्ट फाईलमध्ये घेतलेल्या, एका ओळीत एक पदार्थ, आणि कुठला किती वेळा आला ते डिक्शनरीनं मोजायचं. डिक्शनरी म्हणजे नाव आणि त्यापुढं त्याचा आकडा अशी यादी, त्या नावाला की म्हणतात, आणि एक की एकदाच येते. आधी की-एरर आला, तो सगळ्यांनाच येतो, कारण की नसतानाच पोरं तिच्यात एक मिळवायला जातात. गेट वापरून, की नसेल तर शून्य धर असं सांगितलं, मिटलं.

पण आउटपुटमध्ये भाकऱ्या ३४, आणि चार ओळी खाली परत भाकऱ्या २१!

"सर, एक की दोनदा येत नाही म्हणालात की."

बरोबर होतं तिचं. स्ट्रिप लावून कडेच्या रिकाम्या जागा काढून बघितल्या, फरक नाही. मग लेननं लांबी काढली तर एकीची ७, दुसरीची ८. तेव्हा म्हटलं एकेक ओळ छापणारा लूप राहू दे, अख्खी डिक्शनरीच प्रिंट कर, कारण तसं केलं की पायथॉन न दिसणारी अक्षरं लपवत नाही, त्यांचे कोड दाखवतो. एका कीमध्ये र् आणि य च्या मधोमध बॅकस्लॅश यू २००डी. झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं पण स्वतः न दिसणारं चिन्ह! एक कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर टाकतो, दुसरा साधा र्, त्यामागं हा जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब, पायथॉनला मात्र दोन वेगळ्या स्ट्रिंग. एकच अक्षर वेगवेगळ्या कोडनं लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणाऱ्या एनएफसी नॉर्मलायझेशननंही जुळत नाहीत, आणि जॉइनर नुसता उडवला तर य वर रफार चढतो, शब्दच बिघडतो. म्हणून की बनवायच्या आधी रिप्लेस, र् अधिक जॉइनरच्या जागी ऱ्. एकच ओळ आली, ५५. पोरगी खुर्चीतनं उठलीच.

शेजारच्या बॅचचे सर म्हणाले, नावं इंग्लिशमध्ये टाकायला सांगा, कटकट नको. मला हे अजिबात पटत नाही. इथं ऑफिसात कन्नड, कॉलेजात इंग्लिश, ते पोरं शिकतातच, शिकावंच, पण आईनं घरच्या ऑर्डरी मराठीत लिहिल्या तर त्या मोजणं हे प्रोग्रामचं काम आहे, तिनं कीबोर्ड बदलायचा नाही. आणि शिकवायची उदाहरणं सगळी ॲपल-बनानाची, त्यात हा बग कधी दिसणारच नाही. सुपाऱ्या, कैऱ्या, पुऱ्या, कचोऱ्या, सगळ्यांचं हेच होणार आहे. तिला विचारून ती फाईल पुढच्या बॅचसाठी ठेवून घेतलीय, जॉइनरसकट.