रिझर्व्ह बँकेची बातमी थेट मोबाइलवर : माझा अनुभव

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मी हिशेब लिहितो. सोयाबीन-तुरीची पट्टी झाली की शेतकऱ्याचा पैसा बँकेत जातो, म्हणून बँकेबद्दल काहीही आवई उठली की माणसं आधी आमच्याकडं येतात. "मुनीमजी, बँक बुडाली म्हणं, खरंय का?" एका सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेनं दंड केला, तेव्हा व्हॉट्सअॅपवर तो मेसेज 'पैसे काढून घ्या' असा होऊन फिरला. ओळखीतल्या एक मावशी लेकीच्या लग्नासाठीची मुदत ठेव मोडायला निघाल्या होत्या. मुदतीआधी मोडली की व्याज कमी होतं, हे त्यांना माहीत होतं. तरी भीतीच जास्त होती. त्या दिवशी ठरवलं, बातमी मूळ ठिकाणाहूनच घ्यायची.

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आरएसएसचं पान आहे. आरएसएस म्हणजे संकेतस्थळावर नवीन काही आलं की ते आपल्यापर्यंत पोचवणारी सोय; तिच्यातल्या एकेका यादीला फीड म्हणतात. प्रसिद्धिपत्रकं, अधिसूचना, भाषणं, निविदा, प्रकाशनं असे वेगवेगळे फीड तिथं आहेत. फीडवर बोट ठेवलं की स्क्रीनवर कंसांनी भरलेला मजकूर येतो: आयटम, टायटल, लिंक, तारीख. नवख्या माणसाला वाटतं पान बिघडलं. पान बरोबरच असतं, तो मजकूर फीड रीडर नावाच्या अॅपनं वाचायचा असतो. वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी केला, फीडली नावाच्या रीडरमध्ये नवीन फीड जोडायच्या जागी चिकटवला, आणि जुनी पत्रकं तारखेसह ओळीनं उभी राहिली. फीडलीला ईमेल लागतो. काही रीडर खातं न उघडताही चालतात. बँकेचा खाते क्रमांक, ओटीपी, आधार यातलं काहीच कुठं लागत नाही. कुणी मागितलं, तर तो प्रकार फीडचा नाहीच.

मी फक्त प्रसिद्धिपत्रकं आणि अधिसूचना ठेवल्या. तेवढ्यातही गर्दी होतेच: 'मनी मार्केट ऑपरेशन्स'चं पत्रक रोजचं, शिवाय सरकारी रोख्यांच्या लिलावाचे निकाल. ती मी न उघडता पुढं सरकवतो. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, ठरतो त्या दिवसाचं पत्रक मात्र पूर्ण वाचतो, कारण पीककर्जाचं नसलं तरी घरकर्जाचं गणित त्यावर हलतं.

खरं काम पडलं ते दोन मथळ्यांचं. पहिला, 'आरबीआय इम्पोजेस मॉनिटरी पेनल्टी ऑन…' म्हणजे अमुक बँकेला दंड. हे पत्रक इंग्रजीत असतं, पण शेवटपर्यंत वाचाच. ही कारवाई नियमपालनातल्या त्रुटींसाठी आहे, बँकेनं ग्राहकांशी केलेल्या व्यवहारांच्या वैधतेवर बोट ठेवण्यासाठी नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. मावशींना हेच वाक्य मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी ठेव मोडली नाही.

दुसरा मथळा कलम 35अ चा. बँकिंग रेग्युलेशन अॅक्ट, 1949 खालचे निर्देश. हा दिसला की मात्र सावध व्हायचं, कारण पैसे काढण्यावर मर्यादा येऊ शकते. तेव्हाही घाबरून पळापळ करण्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फेब्रुवारी 2020 पासून ठेव विमा एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून 5 लाखांपर्यंत आहे, आणि सगळ्या शाखांतली रक्कम एकत्र धरतात. ठेव विम्याच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर असे निर्बंध आले की विम्याची रक्कम 90 दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. पूर्वी माणसं वर्षानुवर्षं वाट बघत बसायची.

पण एक गोष्ट मी येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगतो. पतसंस्था आणि मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी) सोसायट्यांची बातमी या फीडमध्ये शोधू नका. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही आणि तिथल्या ठेवींना हा 5 लाखांचा विमाही नाही. पतसंस्थेची चौकशी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं करायची; मल्टिस्टेट असेल तर ती दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांच्या अखत्यारीत येते. जास्तीच्या व्याजापायी तिथं ठेवी अडकलेली माणसं आपल्या मराठवाड्यात गावोगाव आहेत. म्हणून कुणी पावती घेऊन आलं, की मी आधी तिच्यावरचं नाव वाचतो, बँक आहे की सोसायटी, आणि मगच मोबाइल उघडतो.