मिशन शाळा सुटल्यावर विश्वासाचं काय होतं?

लेकराला मिशन शाळेत घातलं की त्याच्या विश्वासाची काळजी मिटली, असं आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या लोकांमध्ये, सर्रास धरून चालतात. शाळेचा उपयोग मोठा आहे, यात वाद नाही. पण तो नेमका कुठे होतो आणि कुठे संपतो, हे पाहिलं नाही तर दहावीनंतर पोरगं चर्चमध्ये दिसेनासं होतं आणि दोष कॉलेजच्या हवेला जातो.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती वस्तीचा इतिहास नारायण शेषाद्रींना वगळून सांगता येत नाही. मुंबईच्या स्कॉटिश मिशन शाळेत शिकलेल्या या तरुणाने १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही त्याच वाटेवर होता, पण प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने त्याला आईवडिलांच्या ताब्यात दिलं. मोठ्याने पुढे निजामाच्या मुलखात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. धाकट्याला स्वधर्मात परत घेण्यावरून मुंबईत मोठा वाद झाला, बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. शाळा दोघांची एकच होती. लेकरू राहतं कोणाच्या घरात, हे शाळेच्या हातात तेव्हाही नव्हतं.

आता व्यवहाराचं. आपल्या बहुतेक मिशन शाळा अनुदानित किंवा मान्यताप्राप्त आहेत आणि वर्गात बिगरख्रिस्ती मुलंच जास्त असतात. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे अशा शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ही अडचण समजू नका, उलट तिने काम सोपं होतं. जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांसोबत मराठीत एका पानाचं संमतीपत्र द्या, सही घ्या, फाइलला लावा. ज्यांची संमती नाही त्यांना त्या तासाला वाचनालयात बसवा, व्हरांड्यात नाही. सगळ्यांना एकत्र बसवून ‘मूल्यशिक्षण’ नावाखाली गुळमुळीत काहीतरी सांगायची पद्धत मात्र दोन्हीकडून वाया जाते. बिगरख्रिस्ती पालकाला संशय येतो, ख्रिस्ती मुलाच्या हाती खरं बोला आणि झाडं लावा एवढंच पडतं.

धर्मशिक्षणाला आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास पुरतात. पाचवी ते सातवीला बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, घ्यावं: अध्याय १६, पंधरवड्याला एक, म्हणजे ३२ आठवडे. शाळेच्या वर्षात तेवढे बसतात. तासाची विभागणी साधारण अशी: पाच मिनिटं गाणं, दहा मिनिटं मुलांनी आळीपाळीने मोठ्याने वाचायचं, पंधरा मिनिटं प्रश्न, शेवटी प्रार्थना. घोटाळा होतो तो वाचनात. बाईंना गोष्ट छान सांगता येते, म्हणून त्याच सांगतात आणि पुस्तक मिटलेलंच राहतं. मग वचन पाठांतराच्या स्पर्धेत पोरगं योहान ३:१६ हे वचन घडाघडा म्हणून दाखवतं, अर्ध्या वाक्यात श्वास घेतं, टाळ्या मिळवतं. त्यालाच म्हणा, ‘बाळा, हे शास्त्रात काढून दाखव’, तर ते बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, पानं उलटायला लागतं. ज्याला पान सापडत नाही तो पुढे एकटा असताना वाचणार नाही.

आठवीपासून रीत बदलावी लागते, कारण प्रश्न बदलतात. मित्राच्या घरी गणपतीचा प्रसाद घ्यायचा का? बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय याच विषयावर, मूर्तीला दाखवलेल्या अन्नावर, आहे, तो उघडून बोला. ‘घेऊ नको म्हणलं ना’ एवढ्यावर भागत नाही. दुसरा प्रश्न जास्त बोचरा आणि तो कोणी तासाला विचारत नाही: दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असं का? आपल्याकडची बहुसंख्य घरं पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणून सवलत जाऊ नये यासाठी कागदावर जुनाच धर्म राहतो. दहावीचा फॉर्म भरताना वडील आणि काका खाली आवाजात जे बोलतात ते पोरगं ऐकतं. शाळेने आणि पाळकसाहेबांनी हा इतिहास तारखांसकट, कोणाच्या घरावर बोट न ठेवता समजावून सांगितला नाही, तर विश्वास म्हणजे लपवायची गोष्ट हा धडा ते आपणहून शिकतं. कितीही वचनं पाठ करून घ्या, तो धडा पुसला जात नाही.

बीड जिल्ह्यात आणखी एक पेच असतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की लेकरंही कारखान्याच्या थळावर, म्हणजे तोडणीच्या मुक्कामी, जातात, ती मार्च-एप्रिललाच परततात. तिथे ३२ आठवड्यांचं गणित कोसळतं. अशा शाळेने वधस्तंभ आणि पुनरुत्थानाचे अध्याय शेवटाला ठेवू नयेत, गणपतीच्या सुट्टीआधी घेऊन टाकावेत. जाताना प्रत्येकाच्या हाती शुभवर्तमानाची सुटी पुस्तिका द्यावी. कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, जाडजूड बायबल टिकत नाही.

घराकडून अपेक्षा थोडीच ठेवा, पण ती रोजची असू द्या. जेवणाआधी दहा मिनिटं, एक परिच्छेद, वाचणारं लेकरूच. वडील हजर असले तर फार फरक पडतो. प्रार्थना म्हणजे आईचं काम असं पोरांना, विशेषतः मुलग्यांना, फार लवकर वाटायला लागतं.

दृढीकरणाचा, म्हणजे मोठ्या झालेल्या मुलाने स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीचा, वर्गही बऱ्याच ठिकाणी बिशप येणार म्हणून महिनाभरात उरकतात. किमान बारा आठवडे घ्या आणि त्यानंतर लगेच काहीतरी काम सोपवा: शब्बाथ शाळेतली (चर्चच्या रविवारच्या वर्गातली) लहान मुलं, ढोलकी, साउंड, वाचन. हाताला काम नसलं की दृढीकरण म्हणजे निरोपसमारंभच ठरतो.

आणि दहावीनंतर लातूर. तिथल्या कोचिंगच्या टेस्ट बहुतेक रविवारी सकाळी, नेमक्या उपासनेच्या वेळी. दोन वर्षं असं गेलं की सवय सुटते, वाद न घालता सुटते. म्हणून टीसी देतानाच मुख्याध्यापकांनी ख्रिस्ती मुलांची यादी करावी: कुठे जाणार, हॉस्टेल कोणतं, फोन कोणाचा. पालकांना विचारून ती त्या गावच्या पाळकांना जुलैच्या आत पोचवावी. आणि त्या मंडळीने रविवारी संध्याकाळी सहाला तासाभराची उपासना ठेवावी. मुलं तोवर टेस्ट देऊन मोकळी झालेली असतात. नंतर मेसचं जेवण मिळतं त्या वेळेआधी सोडलं, म्हणजे झालं.